रसविघ्न नेमके कोणाचे?

संगीताचा आस्वाद घेणाऱ्याने निश्चल आणि निःशब्द बसावे, ही अपेक्षा आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कलेच्या स्वरूपातून निघते की एका विशिष्ट काळातील सभागृहाच्या शिस्तीतून, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी इंग्लंड-अमेरिकेत गेल्या काही वर्षांत रूढ झालेल्या संवेदनसुलभ मैफलींनी तो उपस्थित केला आहे. संवेदनसुलभ मैफल म्हणजे जिथे दिवे पूर्ण मालवले जात नाहीत, अचानक उसळणारे आवाज सौम्य केले जातात, श्रोत्याला उठण्याची, डोलण्याची, आवाज काढण्याची आणि बाहेर जाऊन परत येण्याची मुभा असते, आणि गोंगाट असह्य झाल्यास विसावण्यासाठी जवळच एक शांत खोली असते.

या योजनेमागचे कारण शारीरिक आहे. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता असून तीत ध्वनी, प्रकाश किंवा स्पर्श काहींना असह्य तीव्रतेने, तर काहींना फारच मंदपणे जाणवतो, आणि हात फडफडवणे किंवा एकच ध्वनी पुन्हा पुन्हा काढणे हा अनेकदा त्या माऱ्यात स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो. म्हणजे सभागृह ज्याला बेशिस्त समजते ते कित्येकदा ऐकत राहण्यासाठी चाललेले प्रयत्न असतात.

लंडनच्या प्रॉम्स या वार्षिक संगीतमहोत्सवात 2017 साली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अशी पहिली मैफल झाली. तिचे कौतुक नवा प्रयोग म्हणून झाले असले, तरी 1895 मध्ये हेन्री वुड यांच्या संचालनाखाली हा महोत्सव सुरू झाला तेव्हा तिकीट स्वस्त होते, श्रोते उभे राहत, हिंडत, खातपीत, आणि धूम्रपानही करत. महोत्सवाचे नावच मुळी या फिरत्या श्रोत्यांवरून पडले आहे. अंधारलेल्या प्रेक्षागृहात सर्वांनी मंचाकडे तोंड करून स्तब्ध राहण्याची प्रथा युरोपातही एकोणिसाव्या शतकातच दृढ झाली, आणि 1876 मध्ये उघडलेल्या वाग्नरच्या बायरॉइथ नाट्यगृहाने तिला जवळजवळ धर्मविधीचे गांभीर्य दिले. मोत्सार्टच्या काळातला श्रोता आवडलेल्या जागी मध्येच टाळ्या वाजवी, आणि त्यामुळे संगीताची विटंबना झाली असे खुद्द मोत्सार्टला वाटत नव्हते.

भारतीय परंपरेकडे वळल्यास प्रश्न अधिक खोल जातो. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीची, म्हणजे यशाची, चर्चा करणारा एक अध्याय आहे, आणि त्यात प्रेक्षकांचे हसणे, उद्गार काढणे, अंगावर रोमांच येणे, आसनावरून उठणे, इतकेच नव्हे तर अंगावरची वस्त्रे आणि अंगठ्या नटांकडे फेकणे ही मानुषी सिद्धीची लक्षणे म्हणून सांगितली आहेत. श्रोत्याचे शरीर आणि वाणी इथे आस्वादातील अडथळा नसून त्याची खूण आहे. मैफलीत जागेवर मिळणारी दाद आणि कीर्तनात टाळ्यांसह धरला जाणारा ताल यांत हीच समजूत टिकून आहे.

अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील टीकेत रसास्वादाची सात विघ्ने, म्हणजे रसाची प्रतीती होऊ न देणारी कारणे, सांगितली आहेत. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेला असणे हे त्यांतले एक, आणि प्रतीतीची साधनेच उणी पडणे हे दुसरे. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की या विघ्नांवरचे उपाय तो मुख्यतः प्रयोगाकडेच सोपवतो: विवशतेवर गीत, वाद्य आणि सजवलेला मंडप, तर साधनांच्या उणेपणावर अभिनय. प्रेक्षक विवश असेल तर त्याला बाहेर काढावे, असे तो म्हणत नाही. हे तत्त्व स्वमग्न मुलाला लावले तर त्याचे डोलणे हे विघ्न ठरत नाही, अंगावर कोसळणारा झांजांचा आवाज ठरतो, आणि त्याचे निवारण मैफल मांडणाऱ्याकडे येते. असा अर्थ अभिनवगुप्ताच्या मनात नव्हता हे उघड आहे. त्याच्या विचाराची दिशा मात्र या अर्थाला प्रतिकूल नाही.

यावर एक आक्षेप असा की त्याच अभिनवगुप्ताचा सहृदय, म्हणजे रसास्वादाचा अधिकारी, काव्याच्या सततच्या अभ्यासाने मन आरशासारखे निर्मळ झालेला मनुष्य आहे, आणि ही अट अनेक दिव्यांग विद्यार्थ्यांना बाहेरच ठेवील. आक्षेप खरा आहे, पण तो उलटही वापरता येतो. अधिकार जर अभ्यासाने येत असेल, तर ज्याला सभागृहाच्या दारातूनच परत पाठवले जाते त्याला अभ्यास घडावा कुठे?

अधिक कठीण अडचण दुसरी आहे. कान्टने 1790 च्या ग्रंथात संगीताला शिष्टतेची उणीव लावली, कारण नजर वळवता येते तशी ध्वनीपासून सुटका करून घेता येत नाही आणि तो नको असलेल्या शेजाऱ्यावरही लादला जातो. हा शेरा संगीताविषयी फारसे प्रेम नसलेल्या माणसाचा असला, तरी ध्वनी लादला जातो हे त्याचे निरीक्षण अचूक आहे, आणि ते श्रोत्यांच्या आवाजालाही लागू पडते: एका मुलाची आनंदाची किंकाळी शेजारच्या मुलाच्या कानांना असह्य होऊ शकते. म्हणून संवेदनसुलभ मैफल म्हणजे नियमांचा अभाव असे समजणे चुकीचे आहे. शांत खोली, कानांवरची ध्वनिरोधक साधने, आणि कोणता भाग मोठ्या आवाजाचा आहे हे आधीच सांगणारी सचित्र पुस्तिका ही दोन गरजांमधील संघर्ष मिटवत नाहीत, सुसह्य करतात.

अशा मैफली वेगळ्या ठेवणे हे सोयीचे असले तरी तत्त्वतः अपुरे आहे. अपंगत्व असलेल्यांना इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या कराराने मान्य केला असून भारताने तो 2007 मध्ये स्वीकारला आहे. वर्षातून एकदा होणाऱ्या खास प्रयोगाने त्यातील ‘बरोबरीने’ ही अट पुरी होत नाही. मंद उजेड, उघडे दार आणि आगाऊ माहिती यांतली एकही गोष्ट नेहमीच्या मैफलीत अशक्य नाही, आणि आयोजकांनी निदान तेवढ्यापासून सुरुवात करावी.