रुमालाखालचा भाव

पूर्वी मोंढ्यात अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. माल शेतकऱ्याचा, तो शेजारीच उभा. पण भाव त्याला दिसत नसे. बाजार समित्या आल्या, १९६३ चा कायदा आला, लिलाव उघड झाला. त्याने भाव वाढलाच असं नाही. कमी कुणी दिला, हे मात्र दिसू लागलं.

जागतिक व्यापार संघटनेचं मूळ तत्त्व यापासून लांब नाही: एका सदस्याला जो दर, तोच सगळ्यांना. (बड्यांनी त्यातही पळवाटा ठेवल्याच.) २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरचा जादा कर ५० टक्क्यांवर नेला, त्यातला निम्मा रशियाचं तेल घेतो म्हणून. आठवडाभर आधी आपण कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, पुढे ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कारण गिरण्यांचं दिलं गेलं. तीही अडचण खोटी नव्हती.

पण अंबड-घनसावंगीत वेचणी त्याच महिन्यांत असते. नियम मोडला तर दाद मागता येते. इथे तर सगळेच राजीखुशीने वागले म्हणायचं. वेचणी करणाऱ्याची राजी कुणी विचारली होती?