पगाराची तारीख

एसटीचा संप ऐन भरात असताना, २४ नोव्हेंबर २०२१ रोजी, तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी पगारवाढ जाहीर केली. तिच्या जोडीला आणखी एक आश्वासन होते: दरमहा १० तारखेच्या आत पगार होईल. मालवण-कणकवलीपासून विदर्भापर्यंत चर्चा झाली ती वाढीची. तारखेवर कुणी फारसे बोलले नाही.

वास्तविक बोलायला हवे होते. वेतन प्रदान अधिनियम १९३६ सालचा. हजारापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेने ७ तारखेपर्यंत आणि त्याहून मोठीने १० तारखेपर्यंत पगार द्यावा, हे त्यात तेव्हापासून लिहिलेले होते. म्हणजे ८५ वर्षे कायद्यात असलेली गोष्ट संपकऱ्यांना सवलत म्हणून मिळाली! तारीख चुकली की काय होते, हे त्याआधीच्या दिवाळीने दाखवले होते. पगार थकलेले असताना नोव्हेंबर २०२० मध्ये जळगाव आणि रत्नागिरी इथल्या दोन एसटी कर्मचाऱ्यांनी जीवन संपवले.

कपातीचेही तसेच. ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत चार दिवस संप झाला. त्यानंतर महामंडळाने ३६ दिवसांचा पगार कापण्याची भूमिका घेतली: संपाचे चार दिवस आणि दर दिवसामागे आठ, असे बत्तीस. कायद्यात आठ दिवसांचा उल्लेख आहे, पण तो कमाल मर्यादा म्हणून. दहा किंवा अधिक जण मिळून, करारात ठरलेली नोटीस न देता आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर नोटिशीच्या बदल्यात जास्तीत जास्त आठ दिवसांचे वेतन कापता येते. तेही करारात तशी अट असेल तरच. या मर्यादेला संपाच्या दिवसांनी गुणायचे, हा अर्थ त्या वाक्यातून निघणे कठीण.

एसटीवाल्यांना निदान संघटना आहे. मालवण किनाऱ्यावरच्या तारकर्ली-देवबागच्या रिसॉर्टमधला वेटर किंवा ट्रॉलरवरचा खलाशी कुणाकडे जाणार? इथला व्यवहार उचलीवर चालतो. हंगामाआधी उचल घ्यायची, मग ती पगारातून फिटत राहते. मे संपला की मासेमारी बंद, पर्यटनही थंडावते. तेव्हा शेवटच्या महिन्याचे पैसे ‘परत येशील तेव्हा’ म्हणून अडकवले जातात. फुटलेल्या काचेचे, हरवलेल्या चादरीचे पैसे परस्पर वळते होतात. मालक बहुधा ओळखीचा, कधी भावकीतला. तक्रार केली की गावात तोंड दाखवणे अवघड.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि जुन्या कायद्याची २४ हजार रुपये पगाराची मर्यादा गेली. मासिक पगार सगळ्यांनाच ७ तारखेपर्यंत. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. ‘परत येशील तेव्हा’ला इथे जागा नाही. उचल वळती करता येते, पण सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापलीकडे जाता येत नाही. नुकसानभरपाई कापण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकावेच लागते.

दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. जुन्या कायद्यात नुसत्या उशिरासाठी तीन हजार रुपयांच्या वर काही मिळत नव्हते. त्याहून महत्त्वाची बाब पुराव्याची. पैसे दिले, हे सिद्ध करायची जबाबदारी आता मालकावर आहे. वहीत नोंद नाही, ही अडचण एरवी नोकराची होती. ती मालकाकडे सरकली. शिवाय अर्ज कामगारानेच करावा असे नाही. संघटना किंवा निरीक्षकही तो करू शकतात. भावकीतल्या मालकाविरुद्ध स्वतः सही करायला कचरणाऱ्याला हा मार्ग मोठाच आधार आहे, अर्थात निरीक्षक ओरोसच्या जिल्हा मुख्यालयातून किनाऱ्यापर्यंत आला तर.

खलाशाची गोष्ट मात्र इतक्यात सुटत नाही. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून ओढायच्या जाळ्याला, पैसे मिळतात ते वाट्याने, आणि काही यांत्रिक नौकांवरही पगाराऐवजी वाटाच असतो. अशा माणसाने थकबाकीचा दावा केला, तर मालकाचा पहिला बचाव ठरलेला: हा माझा नोकर नव्हे, भागीदार आहे. मग किती पैसे थकले, हा प्रश्न मागे पडतो आणि होडी कुणाची, डिझेल कुणी भरले, तोटा झाला तर तो कुणी सोसला, यावर वाद सुरू होतो.