गाण्यातला ‘मी’ कुणाचा?

मराठीतल्या एका उदास गाण्याबद्दल गेली तीसहून अधिक वर्षे एकच प्रश्न विचारला जातो: त्यातली ‘ती’ कोण? हे गाणे कवी ग्रेस यांचे. १९८९च्या ‘निवडुंग’ चित्रपटासाठी हृदयनाथ मंगेशकरांनी त्याला चाल दिली आणि ते स्वतःच गायले. कुणी निघून जाते आहे, बाहेर पाऊस आहे, आणि उरलेला माणूस ते जाणे आठवतो आहे. बहुतेकांच्या मनात पहिल्या कडव्यालाच प्रेयसी उभी राहते. कुणी म्हणतो आई, कुणी म्हणतो सावत्र आई, आणि मग कवीचे बालपण, त्याचे घर, त्याच्या आयुष्यातल्या स्त्रिया यांचा शोध सुरू होतो. एवढ्या शोधात एक साधी गोष्ट निसटते. दुसऱ्या कडव्यात ‘आई’ हा शब्द उघड येतो आणि त्यानंतर अंगणात बालपण संपल्याची जाणीव येते. उत्तर गाण्यातच होते. आपण ते बाहेर शोधत राहिलो. काळोख्या, खिन्न गीतांचा अर्थ लावताना आपली गल्लत नेमकी इथेच होते. ते दुःख कुणाचे हे आपण आधी विचारतो. ते कसे घडवले आहे हा प्रश्न मागे पडतो, आणि अर्थ खरे तर त्या घडणीत असतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: कवी जे भोगतो तेच लिहितो, मग त्याचे आयुष्य बाजूला ठेवून अर्थ लागणार कसा? आक्षेप पोकळ नाही. पण आपल्याच परंपरेत त्याला सातशे वर्षांपूर्वीचे उत्तर आहे. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी पाहा. १२९६ साली आळंदीला समाधी घेणारा हा तरुण योगी त्या रचनांत प्रियकरासाठी तळमळणाऱ्या स्त्रीच्या तोंडून बोलतो. चंदन पोळते, चांदणे सोसवत नाही, अशी तिची अवस्था. ही स्त्री कोण, असे कुणी विचारत नाही आणि तिच्यामागे ज्ञानेश्वरांच्या चरित्रातला प्रसंगही कुणी धुंडाळत नाही. तो ‘मी’ रचलेला आहे, जिवाची ओढ सांगण्यासाठी घेतलेली ती भूमिका आहे, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. याच विरहिणींना हृदयनाथांनी चाल दिली, लताबाईंनी त्या गायल्या, आणि त्याच संगीतकाराने ग्रेसही स्वरबद्ध केले. मग ज्ञानेश्वरांना दिलेली मोकळीक ग्रेसना नाकारण्याचे कारण काय? कवीचे आयुष्य दिव्यासारखे वापरावे. अंधुक ओळीवर धरले तर ती उजळते. दिव्याकडेच बघत बसलो तर ओळ दिसेनाशी होते.

लोकगीतांकडे वळले की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे काम उभे केले, त्यातून एक लाखाहून अधिक ओव्या हाती आल्या. सासरचा जाच, आईची आठवण, लेकराचे जाणे, नवऱ्याचा अबोला, असा कितीतरी अंधार त्यांत साठलेला आहे. पण तीच ओवी थोड्या फरकाने वेगवेगळ्या गावांतल्या बायका गातात. भावाचे नाव बदलते, गावाचे नाव बदलते, दुःखाचा साचा तोच राहतो. मग त्या ओवीतला ‘मी’ कुणाचा? जी त्या पहाटे जात्याशी बसली आहे तिचा. पालघर-डहाणूच्या पट्ट्यात याचे वेगळे रूप दिसते. वारल्यांच्या लग्नात तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी बसते आणि धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, गाऊ लागते. लग्न दुसऱ्या कुणाचे, उंबरा ओलांडणारी मुलगी दुसऱ्या कुणाची. धवलेरीचा गळा तेवढा तिचा. शब्द पिढ्यांकडून आलेले. तिच्या गाण्यावरून तिचे खासगी आयुष्य ओळखू पाहणारा माणूस गाण्यालाही मुकेल आणि धवलेरीलाही. गाण्यातला ‘मी’ ही बसायची जागा आहे, जात्याजवळच्या पाटासारखी. एक उठते, दुसरी बसते, आणि दळण चालू राहते.

इथे दुसरा, अधिक कठीण आक्षेप उभा राहतो. जागा सगळ्यांची असेल तर अर्थही ज्याचा त्याचा होईल. मग चूक-बरोबर काही उरले का? उरते, कारण पाटालाही आकार असतो. ‘आई’ हा शब्द आल्यावर ‘ती’ प्रेयसी आहे असे म्हणणे हे चुकीचे वाचन आहे. ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य त्याला झाकू शकत नाही. प्रेयसी गमावलेल्या माणसाला त्या गाण्यात आपले दुःख ऐकू यावे, यात गैर काही नाही. फक्त आपल्याला काय आठवले आणि गाणे काय म्हणते, या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवाव्यात. आणि शब्दांच्या आकाराकडे नीट पाहिले तर प्रेयसी की आई या वादापेक्षा खोल काहीतरी हाती लागते. त्या गाण्यात सूर्य ढगांत गुंतलेली किरणे मोकळी करण्यात गुंतला आहे आणि वारा सावधपणे पाचोळा उडवतो आहे. सारी सृष्टी आपापल्या कामात आहे. सांत्वनाला कुणी थांबलेले नाही. शेवटी खिडकीत धुरकट कंदील एकटा उरतो. माझ्या मते या गाण्याचा काळोख जाण्यात जेवढा आहे, त्याहून अधिक या थांबलेल्या मुलात आणि न थांबलेल्या जगात आहे. हे वाचन कुणालाही शब्दांवर बोट ठेवून तपासता येते, खोडताही येते. जे खोडता येत नाही, ते निव्वळ मत.

काही जण म्हणतील, एवढा काथ्याकूट कशाला? ग्रेस दुर्बोध आहेत, सूर मनाला भिडतो, तेवढे पुरे. सूर भिडतो हे खरे. अर्थ लागण्याआधी गाणे पोचते हेही खरे. पण ‘महाश्वेता’ मालिकेच्या शीर्षकगीताने ग्रेस यांची संध्याकाळची भीती घरोघरी नेली, तेव्हा ती नुसत्या सुरावर गेली नव्हती. भीतीला एक वेळ होती, दिवस मावळतानाची. जिच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लागतो, त्या बाईला ती वेळ समजवावी लागत नाही. दुर्बोध कवितेतही अशा ओळखीच्या वस्तू पेरलेल्या असतात: वेळ, ऋतू, घर, झाड. त्यांना धरून चालले की वाट सापडते. सगळी सापडत नाही, आणि थोडी वाट अंधारात राहिली तरी चालते. पण चालायलाच नकार देणे म्हणजे कवीने मेहनतीने निवडलेल्या शब्दांना नुसता गुंजारव मानणे.

शेवटचा आक्षेप काळजीतून येतो: अशी गाणी तरुण मनाला खचवतात. पण आपल्याकडे करुण हा रस मानला गेला आहे आणि भवभूतीने तर ‘उत्तररामचरिता’त त्याला सर्व रसांचे मूळ म्हटले. रस म्हणजे चाखता येण्याजोगा झालेला भाव. आकार नसलेले दुःख माणसाला गिळते. कडव्यांत बांधले गेले की त्याला आरंभ आणि शेवट मिळतो, आणि आपल्याआधी कुणी इथे बसून गेले आहे हे कळते. म्हणून उदास गाणे ऐकणे हे आजाराचे लक्षण मानू नये. मात्र एखादा मुलगा किंवा मुलगी जगण्याचाच कंटाळा आल्याचे बोलू लागली, तर तिथे गाण्याचा अर्थ लावत बसू नये. गाणे बाजूला ठेवून तिच्यापाशी बसावे, सरळ विचारावे, गरज पडली तर डॉक्टरांकडे न्यावे. गीताचे वाचन आणि माणसाची विचारपूस ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच्या जागी दुसरे केले की दोन्ही बिघडतात.

 हे वाचन शाळेतही शिकवता येईल. धवलेरीच्या पालघर परिसरात वारली, मांगेली, वाडवळी बोली एका बाजूला आहेत आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांसाठी देशभरातून आलेल्या माणसांच्या भाषा दुसऱ्या बाजूला. इथल्या वर्गात कविता शिकवताना ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ या ठरावीक प्रश्नाऐवजी तीन साधे प्रश्न विचारता येतील: कोण बोलते आहे, कुणाशी, आणि कोणत्या वेळी? वारली पाड्यावरून आलेल्या मुलीला या प्रश्नांची सवय आधीपासून आहे. लग्नाच्या मांडवात धवलेरी आत्ता कुणाच्या वतीने गाते आहे हे तिला न सांगता कळते. हे तिचे ज्ञान अर्थ लावण्याच्या शास्त्राचा पाया आहे, हे तिला शाळेत कुणीतरी सांगायला हवे. मग ग्रेस यांचे गाणे तिच्यासमोर आले की ती दुसऱ्या कडव्यापर्यंत थांबेल आणि ‘आई’ हा शब्द तिच्या कानातून सुटणार नाही.