एकाच पत्त्यावरचा वर्ग

त्या वर्षी ठाण्यातल्या एका कॉलेजात प्रथम वर्ष वाणिज्यची निम्मी पोरं एकाच पत्त्यावर राहत होती. १२, महात्मा गांधी मार्ग, मुंबई. सगळ्यांचा फ्रिज बिघडला होता, सगळ्यांनी तो एकाच तारखेला घेतला होता आणि सगळे एकाच शब्दांत हळहळत होते. प्रश्न मात्र इस्त्रीबद्दल होता. नव्या इस्त्रीचं हँडल तुटकं निघालं, तर दुकानदाराला तक्रारपत्र लिहा, असा. पेपर वाटताना मॅडम म्हणाल्या, "गाइडवाल्याचा फ्रिज अजून दुरुस्त झालेला दिसत नाही."

वर्ग हसला. हसणाऱ्यांत नापास झालेलेही होते.

मुंबई विद्यापीठाच्या जुन्या आखणीत बिझनेस कम्युनिकेशन बीकॉमच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांना सक्तीचं होतं. नोकरीचा अर्ज, चौकशीपत्र, तक्रारपत्र, माहिती अधिकारातला अर्ज, सभेची नोटीस, असं सगळं त्यात. २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं, पेपरांची नावं बदलली. भाषेची परीक्षा काही टळलेली नाही. शिवाय पहिल्या वर्षाचे पेपर कॉलेजच काढायचं आणि कॉलेजच तपासायचं, त्यामुळे युनिव्हर्सिटीने मारलं असं म्हणायचीही सोय नाही. पास व्हायला शंभरात चाळीस लागत. आपल्या गोष्टीतल्या मुलाला अठ्ठावीस मिळाले.

हा मुलगा डोंबिवलीचा. दहावीपर्यंत मराठी शाळा. बाकीचे विषय त्याला जड गेले नाहीत, या एका पेपराने एटीकेटी लावली. सकाळी फास्ट गाडीत डोंबिवलीला पाय ठेवायला मिळत नाही म्हणून तो आधी उलटा कल्याणला जाई, तिथून जागा पकडून ठाण्याला येई आणि त्या प्रवासात गाइड पाठ करी. पाठांतर चोख होतं. इस्त्रीच्या प्रश्नाला फ्रिजचं उत्तर त्याने एकही स्वल्पविराम न चुकवता लिहिलं होतं.

त्याच्या आईचं मानपाडा रोडच्या एका गल्लीत पोळीभाजी केंद्र होतं. केंद्र म्हणजे काय, आठ फुटांचा गाळा, दोन शेगड्या, बाहेर पाटी. डोंबिवलीत संध्याकाळी गाड्या रिकाम्या होऊ लागल्या की अशा गाळ्यांपुढे रांगा लागतात. निम्म्या शहराचं रात्रीचं जेवण या बायकांच्या मनगटावर चालतं. आईने मनगटाला आराम म्हणून कल्याणच्या एका डीलरकडून कणीक मळायचं मशीन घेतलं. पाच किलोचं, वर्षाची वॉरंटी. तिसऱ्या महिन्यात त्याचा गिअर निसटायला लागला. मोटर फिरे, आवाज करी आणि आतला गोळा जागचा हलत नसे. डीलरला फोन केला की उत्तर ठरलेलं, "ताई, उद्या माणूस पाठवतो." माणूस काही येत नव्हता. आई पुन्हा परातीवर आली.

तिच्या रोजच्या गिऱ्हाइकांत एक आजोबा होते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात त्यांची अख्खी नोकरी आवक-जावकवर गेलेली. म्हणजे आलेलं प्रत्येक पत्र उघडायचं, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि कुठल्या टेबलावर जायला हवं ते ठरवायचं. बायको गेल्यापासून तीन पोळ्या आणि एक भाजी, एवढाच त्यांचा संसार. मशीनचं रडगाणं ऐकून ते म्हणाले, "फोन कशाला करता? लेखी द्या." आईने मुलाकडे बोट दाखवलं. "हा शिकतोय ना पत्रं लिहायला!"

मुलाने लिहिलं. दोन पानं. मराठीतच, कारण डीलर मराठी होता. सुरुवात अशी, 'महोदय, आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की आपल्यासारख्या नामांकित विक्रेत्याकडून आमची घोर निराशा झाली आहे.' पुढे ग्राहक हा राजा असतो वगैरे. आजोबांनी पोळ्यांची पिशवी बाकावर ठेवली, चष्मा लावला आणि म्हणाले, "मी डीलरचा मॅनेजर. सकाळपासून चाळीस कागद हातावेगळे केलेत. बोल, कुठलं मशीन?"

"आहे की, दुसऱ्या पानावर."

"मी पान उलटत नाही."

मुलगा गप्प.

"बिल नंबर?"

"तो... घरी आहे."

"बरं, तुला काय पाहिजे? मशीन बदलून, दुरुस्ती, का पैसे परत?"

या प्रश्नाला मुलाकडे उत्तरच नव्हतं. दोन पानांत त्याने सगळं सांगितलं होतं, फक्त काय हवंय ते लिहायचं राहिलं होतं. त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "गिअर बदलून द्या म्हणावं. मशीन चांगलंय."

"हे लिही," आजोबा म्हणाले. "आईने सांगितलं तेवढंच."

दुसऱ्या दिवशी मुलगा कोरा कागद घेऊन आला. मायन्यातच अडकला होता. महोदय लिहावं, की श्री. अमुक, की प्रति व्यवस्थापक? इंग्रजीत तर आणखी गोंधळ, डिअर सर की रिस्पेक्टेड सर. आजोबांनी त्याला चांगदेवाची गोष्ट सांगितली. चांगदेव चौदाशे वर्षांचे योगी, ज्ञानदेव वयाने कोवळे पण अधिकाराने मोठे. आशीर्वाद लिहावा की नमस्कार, ते चांगदेवांना ठरेना, म्हणून त्यांनी कोरंच पत्र धाडलं. एवढी वर्षं जगून कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाली म्हणतात. ज्ञानदेवांनी मात्र उत्तर लिहिलं, तेच चांगदेव पासष्टी, पासष्ट ओव्यांचं.

"कोऱ्या कागदाला उत्तर द्यायला ज्ञानदेवच लागतात," आजोबा म्हणाले. "डीलर देणार नाही. काहीही मायना घाल, पण खाली मजकूर घाल."

हा म्हातारा मला आवडतो. संतांची गोष्ट सांगून तिच्याखाली ओल्या डोळ्यांनी बसून राहणारे पुष्कळ भेटतात. तिच्यातून बिल नंबरपर्यंत पोचणारा क्वचित.

पत्र उतरत गेलं. घोर निराशा गेली, राजा गेला. बिलाचा नंबर आला, तारीख आली, मॉडेल आलं, मशीन नेमकं काय करतं तेही आलं. 'बिघडलं आहे' लिहून आजोबांचं समाधान होईना. "बिघडलं म्हणजे? तंत्रज्ञ रिकाम्या हाताने येईल आणि बघून जातो म्हणेल." मग मुलाने मशीनसमोर उभं राहून पाहिलं आणि लिहिलं, मोटर चालू होते, पातं फिरत नाही, दोन किलोपेक्षा जास्त पीठ घातलं की गिअरमधून खडखड आवाज येतो. शेवटी, अमुक तारखेपर्यंत वॉरंटीत गिअर बदलून द्यावा. अर्ध्या पानात मावलं. स्पीड पोस्टाने गेलं, पावती आईने पिठाच्या डब्यावर चिकटवली.

उत्तर आलं, तेही लेखी. सदर यंत्र आपण व्यवसायासाठी वापरत आहात, त्यामुळे वॉरंटी लागू नाही आणि कायद्याने आपण ग्राहक ठरत नाही. खाली गोल शिक्का.

मुलाचं तोंड उतरलं. आई परातीत हात घालून उभी होती, तिचं लक्षही नव्हतं. ती आपली बोलत होती, "व्यवसाय म्हणे. कामाला कोण आहे माझ्याकडे? मीच मळते, मीच लाटते, मीच पिशव्या भरते. यावरच तर तुझी फी भरली."

आजोबा एकदम म्हणाले, "ताई, पुन्हा म्हणा."

तिने पुन्हा म्हटलं, थोडं चिडून.

१९८६चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९चा नवा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. धंद्याच्या हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नाही, असं दोन्ही कायदे सांगतात. पण दोन्हींत एक खुलासा आहे. जो माणूस निव्वळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेतो आणि वापरतो, त्याचा तो वापर धंद्याचा हेतू धरला जात नाही. रिक्षावाला, शिवणयंत्रावरची बाई, पोळीभाजीवाली यांच्यासाठी ही फट मुद्दाम ठेवलेली आहे. आजोबांना हे ठाऊक होतं, कारण निवृत्तीनंतर ते ग्राहक चळवळीच्या सभांना जाऊन बसत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालची; ठाण्या-डोंबिवलीतल्या मध्यमवर्गाने किराणा एकत्र घ्यायला तिथेच शिकून घेतलं, आणि किराण्याबरोबर थोडा कायदाही.

पण गंमत कायद्याची नाही. ते वाक्य आईच्या तोंडात पहिल्या दिवसापासून होतं. शेजारणीला, गिऱ्हाइकाला, देवाला ती ते रोज ऐकवत होती. मुलाने दोन पानांच्या पत्रात ग्राहकराजाला सिंहासनावर बसवलं, पण घरच्या बाईचं वाक्य लिहिण्याजोगं आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या पत्रात ते जसंच्या तसं गेलं. 'हे यंत्र मी स्वतः चालवते. माझ्याकडे नोकर नाही. या कामावर माझा उदरनिर्वाह चालतो.' 'उदरनिर्वाह' हा शब्द आजोबांनी सुचवलेला. कायद्याच्या मराठीत तोच बसतो म्हणाले. त्याखाली कायद्यातल्या खुलाशाचा उल्लेख, मुदत, आणि मुदतीत काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ, अशी एक ओळ. धमकीचा सूर त्यांनी लावू दिला नाही. "जायचंय ना खरंच? मग नुसतं सांगून ठेवायचं."

मुदत संपायच्या आत माणूस आला. गिअर बदलला. तंत्रज्ञाने येण्याजाण्याचे पैसे मागितले आणि आईने ते दिलेही. प्रत्येक लढाई शेवटपर्यंत लढायला तिला वेळ नव्हता.

एटीकेटीच्या परीक्षेत पुन्हा तक्रारपत्र आलं, या वेळी मिक्सरचं. मुलाने आधी कच्च्या कागदावर मराठीत चार गोष्टी टिपल्या. काय घेतलं, कधी, झालं काय, हवं काय. मग इंग्रजीत लिहिलं. वाक्यं आखूड आली, कारण लांब वाक्यात कोंबायला आता काही नव्हतं. आसपासची पोरं पुरवणी मागत होती आणि याचं पत्र मुख्य उत्तरपत्रिकेच्या पाऊण पानात संपलं होतं. घाबरून त्याने शेवटी एक खेदाची ओळ घालायला पेन उचललं, मग ठेवून दिलं.

पास झाला. सत्तावन्न. पत्रावरचे दोन गुण मात्र गेले. विषयाची ओळ आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी तो विसरला होता. हे ऐकून आजोबांनी मॅडमची बाजू घेतली. "विषय लिहिला नाहीस तर आवक-जावकवाला पत्र टाकणार कुठल्या टेबलावर? मी तरी बाजूलाच ठेवलं असतं." साच्याची टिंगल करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. साचा बांधणारा माणूस कधीतरी ढीगभर पत्रांसमोर बसलेला असतो. गाइड पाठ करणाऱ्याला तो दिसत नाही, एवढंच.

मॅडमनी त्याला बोलावून विचारलं, "हे कुठल्या गाइडमधलं? मला माहीत नाही हे." तो म्हणाला, "मॅडम, आमच्या मशीनचं आहे. फक्त मिक्सर केलाय." त्यांनी पुढच्या वर्षी वर्गाला गाइड बंद करायला सांगितलं आणि प्रत्येकाने घरातली खरी तक्रार आणायची असं ठरवलं. तीस-चाळीस तक्रारी आल्या. पाण्याचं बिल, मोबाइलचा रिचार्ज, भावाचं न मिळालेलं बोनाफाइड सर्टिफिकेट. इंग्रजी अजून कच्चंच होतं, व्याकरणाचे गुण अजून कापले जात होते. पण पेपर तपासताना आता जांभई येत नाही, असं त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या. काही पोरांनी पत्रं खरोखर पोस्टातही टाकली. माहिती अधिकाराचा अर्ज शिकवताना तर त्यांचं काम आयतंच झालं. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. दीडशे शब्दांत मागणं बसवायचं म्हटल्यावर वर्गातला सगळ्यात वाचाळ पोरगाही खोडरबर मागू लागला.

गाळ्यावर आता बायका कागद घेऊन येतात. मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला वेळ नसतो, तरी बसतो. पोळ्या होईपर्यंत तो समोरच्या बाईला एकच विचारतो, "मावशी, तुम्हाला नेमकं हवंय काय?" बहुतेक वेळा मावशी आधी अर्धा तास दुसरंच सांगतात. तो मध्ये बोलत नाही. लिहायचं वाक्य त्यातच कुठेतरी येतं, हे त्याला ठाऊक झालंय.

वाचकांपैकी कुणाचं मशीन असंच बंद पडलं असेल तर सांगून ठेवतो. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार मात्र लेखी लागते.