जागवलेले जीव

घरात मासे पाळणे हा मोठा निरुपद्रवी छंद समजला जातो. काचेची पेटी, चार पाणवनस्पती, रंगीत मासे. आवाज नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. परंतु माशांची वीण झाली आणि पिले जगवायची वेळ आली, म्हणजे या छंदाची दुसरी बाजू दिसू लागते. मोठे मासे डबीतले कोरडे दाणे आनंदाने खातात. नुकत्याच पोहू लागलेल्या पिलांना ते चालत नाहीत. सयामी फायटरची पिले तर हलते तेवढ्यालाच अन्न म्हणून ओळखतात. निश्चल कण तोंडासमोर पडला, तरी त्यांच्या लेखी तो नसल्यासारखाच. तेव्हा पिले जगवायची, तर आधी त्यांचे अन्न जन्माला घालावे लागते, आणि तेही घरातल्या घरात.

या कामासाठी मी आर्टेमियाची अंडी वापरतो. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला बारीकसा जीव. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरातून त्याची अंडी मोठ्या प्रमाणावर गोळा केली जातात. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही तो सापडल्याची नोंद आहे. ही अंडी दिसायला निव्वळ तपकिरी धूळ. एका ग्रॅममध्ये ती २ ते ३ लाख भरतात, आणि कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षे तशीच राहतात. त्या अवस्थेत आतल्या गर्भाची वाढ थांबलेली असते. शरीराचे सारे व्यापार जवळजवळ बंद असतात. डेव्हिड कीलिन या शास्त्रज्ञाने १९५९ साली अशा अवस्थेला ‘क्रिप्टोबायोसिस’, म्हणजे गुप्त जीवन, असे नाव दिले. ती धूळ मेलेली म्हणावी तर खोटे ठरते, जिवंत म्हणावी तर पुरावा दिसत नाही.

पुरावा मात्र एका दिवसात मिळतो. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ, चिमूटभर अंडी, तळाशी हवेची नळी आणि सुमारे २८ अंशांची ऊब, एवढे पुरते. साधारण २४ तासांनी बाटलीत केशरी ढग हलू लागतो. मग हवा बंद करायची, बाटली काळ्या कापडाने झाकायची आणि एका कोपऱ्याशी दिवा लावायचा. नवजात जीव उजेडाकडे धाव घेतात. ते तिथे दाटले, की नळीने ओढून घ्यायचे, गाळायचे, गोड्या पाण्याने धुवायचे आणि पिलांपुढे सोडायचे. यात उशीर करून चालत नाही, कारण जन्मतः अंगात असलेला बलक संपत गेला, की त्यांचा कस कमी होतो. पहिली कात टाकेपर्यंत त्यांना स्वतःला खाताही येत नाही. म्हणजे आयुष्यातला पहिला घास घेण्याआधीच तो जीव दुसऱ्याचा घास होतो. आणि त्याला पकडून देते ती त्याची उजेडाची ओढ.

ही हकीकत मी एकदा माझ्या एका जैन स्नेह्यांना सांगितली. पाणी गाळून पिणारे गृहस्थ. मला वाटले, ते अहिंसेवर बोलतील. ते म्हणाले, “मोठा जीव लहान जिवाला खातो, तो त्याचा स्वभाव. पण जे निजलेले आहे ते तुम्ही उठवता, आणि मारण्यासाठीच उठवता. हे मला कुठे बसवता येत नाही.”

“न उठवले तर ते तसेच पडून राहील,” मी म्हणालो. “निदान एक दिवस तरी त्याला पोहायला मिळतो.”

“तो दिवस तुम्ही त्याला देता, की माशाला?” त्यांनी विचारले.

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. निसर्गात असेच चालते, हे उत्तर तोकडे आहे. निसर्गात कोणी दिवा लावून बसलेले नसते. तिथे भक्ष्य निसटू शकते, भक्षक उपाशी राहू शकतो. माझ्या बाटलीत दोघांचाही निकाल मीच आधी लावून ठेवलेला असतो. जीव फार लहान आहे, हेही उत्तर नव्हे. लहानपणामुळे जीव कवडीमोल ठरत असेल, तर ज्या पिलांसाठी मी धडपडतो ती तरी कुठे मोठी असतात?

आपल्या धर्मशास्त्रकारांनी गृहस्थाच्या घरात पाच ‘सूना’, म्हणजे वधस्थाने, मोजली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. यांच्यापायी नकळत जीव मरतात, म्हणून गृहस्थाने रोज पंचमहायज्ञ करावेत, असे त्यांनी सांगितले. मला या विचारात यज्ञापेक्षा ती मोजणी मोलाची वाटते. चूल बंद करा असे ते म्हणाले नाहीत. पण चुलीला वधस्थान म्हणायला कचरलेही नाहीत. तरीसुद्धा माझी बाटली सहावी सूना म्हणून त्या यादीत खपायची नाही. चुलीत मुंगी मरते ती स्वयंपाकाच्या ओघात; मुंगी मारण्यासाठी कोणी चूल पेटवत नाही. बाटलीतले मरण हाच तिचा हेतू असतो.

शिबी राजाने कबुतराला अभय दिले, तेव्हा ससाण्याने आपल्या भुकेचे काय, असे त्याला विचारले. राजाने तराजूत स्वतःचे मांस घातले. आपण सामान्य माणसे त्याच तराजूत तिसऱ्याचेच मांस घालतो, आणि कबुतर वाचवल्याचे पुण्य आपल्या खाती मांडतो. पिले मोठी होऊन पर फुलवू लागली, की पाहुणे माझे कौतुक करतात. त्या केशरी ढगाची आठवण कोणालाच नसते.

मग हा छंद सोडावा काय? मी सोडलेला नाही, आणि सोडून प्रश्न सुटेल असेही मला वाटत नाही. जिथे पालनपोषण आहे, तिथे निवड आहे. घरातल्या तान्ह्या मुलाला दूध हवे, म्हणून गोठ्यात वासराला आचळापासून ओढून बांधतात. फक्त ओढणारा हात आणि पाजणारा हात बहुधा वेगवेगळे असतात, त्यामुळे पाजणाऱ्याला शांत झोप लागते. बाटलीपाशी दोन्ही हात माझेच आहेत.

म्हणून स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी सरळ देतो: तो दिवस मी माशालाच देतो. त्याला दान म्हणण्याचा अधिकार मला नाही. आणि ज्याने उठवले त्याच्यावर एवढे तरी बंधन येते, की गरजेपेक्षा अधिक उठवू नये. उरलेले जीव गोड्या पाण्यात काही तासांत मरतात आणि पाणी नासवतात, म्हणून अनुभवी मंडळीही नवख्याला हेच सांगतात. पाण्यासाठी ते खरेच आहे. मी मात्र डबी उघडताना हिशेब करतो, की या चिमटीत हजारो जीव आहेत आणि आज पिले किती खातील. आणि बोटांतली बरीचशी धूळ पुन्हा डबीत सोडतो. तिला कसलीच घाई नसते.