कानात सांगितलेलं नाव

गेल्या वैशाखात मुंबईत मरोळला भावाच्या मुलीचं बारसं झालं. आत्या म्हणून मी पाळण्यावर वाकले, दुपट्याची कड बाजूला सारली, तेलाचा वास येणाऱ्या त्या इवल्या कानात नाव सांगितलं आणि पाठीत बायकांचे धपाटे बसले. कुर्रर्र! तिला त्या नावाने हाक मारणारी पहिली मी.

त्या रात्री अर्सुला के. ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' पुन्हा काढली. १९६८ साली आलेल्या या कादंबरीपासून अर्थसी मालिका सुरू होते. गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा पोर १३व्या वर्षी नदीचं गार पाणी ओलांडून काठावर येतो. जादूगार ओगियन त्याचा दंड धरतो आणि हळूच त्याचं खरं नाव सांगतो: गेड. त्या जगात चारचौघांत हाक मारायचं नाव वेगळं आणि जिवाचं वेगळं. जिवाचं नाव ज्याला कळलं, त्याच्या हाती माणूस लागला. आपल्याकडेही पत्रिकेतलं नावरस नाव निराळं असतं, आणि नवऱ्याचं नाव बायका उखाण्यातच घेत. इतकी ओळखीची गोष्ट असूनही अशा कादंबऱ्या आपण मुलांच्या कपाटात ढकलतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियात 'याही' नावाच्या जमातीतला उरलेला एकटा माणूस रानातून बाहेर आला आणि क्रोबर यांच्या संग्रहालयात राहू लागला. त्याने आपलं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. आपलं नाव आपण घ्यायचं नाही, आपल्यातल्या दुसऱ्याने सांगायचं, ही त्याची रीत. आणि दुसरं कुणी उरलंच नव्हतं. लोक त्याला ईशी म्हणत. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणूस', एवढाच. १९१६ साली तो गेला. ले ग्विन यांच्या आईने १९६१ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं, आणि सात वर्षांनी लेकीची ही कादंबरी आली. त्या न सांगितलेल्या नावाची हुरहुर मला अर्थसीच्या पानापानांत जाणवते.

माणसाचं तसं गावाचंही नाव हरवतं. आमच्या मरोळलगत कोंडिवटे गाव होतं. तिथे १५७९ साली पोर्तुगीज जेझुइटांनी सेंट जॉन चर्च बांधलं. १८४०च्या सुमारास साथ आली, गावकरी मरोळला येऊन राहिले, चर्च ओस पडलं. त्याचे पडके अवशेष आज सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड आहेत. १९७३ साली ही वसाहत झाली तेव्हा तिच्या लांबलचक इंग्रजी नावात 'सांताक्रूझ' आलं, कोंडिवटे नाही. पुढे त्या नावाचीही नुसती आद्याक्षरं उरली. जुनं नाव राहिलं ते लेण्यांपुरतं आणि रस्त्याच्या पाटीपुरतं.

नाव हरवतं, तसं आपणहून देताही येतं. कादंबरीत मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो गेडचा मित्र वेच याचा प्रसंग. गर्वापायी गेडने एक काळी सावली जगात सोडलेली, तिला आवरताना गुरू दगावलेले, आणि गेड मनाने पार खचलेला. वेच निरोप घ्यायला येतो आणि जाताना, कुणी विचारलेलं नसताना, आपलं खरं नाव त्याला सांगतो: एस्टारिओल. ज्याच्यावर कुणी विश्वास टाकू नये अशा अवस्थेतल्या मित्राच्या हाती तो आपला जीव देतो.

२०२४च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो मरोळ नाक्याहून सीप्झला जाते. भाचीचा थोरला भाऊ सात वर्षांचा आहे, स्थानकांची नावं मोठ्याने म्हणतो. सीप्झ आलं की मी त्याच्या कानाशी वाकून 'कोंडिवटे' म्हणते, आणि तो ते मोठ्याने म्हणतो.