एकादशी आणि लेकराची भूक

सोलापूरहून सुट्टीत लहान मुलाला घेऊन पंढरपूरला गेलेल्या कुटुंबापुढे एकादशीला एक प्रश्न उभा राहतो: आईवडिलांचा उपवास असताना मुलाला हॉटेलात वरणभात भरवला, तर व्रताला बाध येतो का? धर्मशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. पंढरपूरच्याच काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये पूर्ण केलेल्या ‘धर्मसिंधू’नुसार एकादशीच्या उपवासाचा अधिकार वयाच्या आठ वर्षांनंतर सुरू होतो आणि ऐंशीपर्यंत राहतो.

यामागचा विचार मोलाचा आहे. व्रताचा पाया संकल्प. तीन वर्षांच्या मुलाला संकल्प करता येत नाही, मग तो मोडणार कसा? भरवणाऱ्याचे व्रतही स्वतः अन्न खाल्ल्याने मोडते, दुसऱ्याच्या तोंडी घास दिल्याने नव्हे. तरी काही घरांत मुलालाही भगर आणि साबुदाण्याच्या तिखट खिचडीवरच ठेवतात. घराची रीत मुलाच्या अंगवळणी पडावी, ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण दर्शनबारीत ताटकळलेल्या लेकराला रडवून पाळलेल्या उपवासाला शास्त्राचा आधार नाही. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकरी परंपरेत तर तो अधिकच विसंगत ठरतो. आजारी व अशक्त मोठ्यांनाही निराहाराऐवजी फलाहाराची किंवा एकभुक्ताची मुभा आहे.